आरोपपत्र मागा

(कारधा, जि. भंडारा येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. कलमांचे आकडे तेवढे नंतर पडताळून घातलेत.)



मी ह्याच कारध्याचा. मॅट्रिक झालो, पुढं शिकायला पैसा नव्हता, मुंबईच्या गोदीत गेलो. दिवसा गोण्या वाहतो, रात्री कविता लिहितो. तुम्ही मला कवितेसाठी बोलावलंत. आज कविता नाही. आज कायदा सांगायचा आहे. मी वकील नाही. पण कायद्याचं पुस्तक विकत घेऊन एकेक ओळ बोट ठेवून वाचायची पाळी माझ्यावर आली. कशी आली ते सांगतो.

विषय असा : कामाच्या जागी बाईशी वाईट वागल्याचा आरोप एखाद्या कामगारावर आला, तर त्या कामगाराला काय हक्क आहेत? मघाशी विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "बरं झालं, बायांच्या खोट्या तक्रारींवर कोणीतरी बोलून राहिला." आणि पुढच्या रांगेतली एक ताई पिशवी उचलून जायला निघाली. ताई, बसा. टाळ्यावाल्यांनो, तुम्हीही बसा. तुम्हाला दोघांनाही वाटतंय ते मी बोलणार नाही.

२०२२ सालची गोष्ट. मी एका ठेकेदाराच्या टोळीत होतो. चौदा माणसं आणि एक मुकादम. मुकादम म्हणजे ठेकेदाराच्या बहिणीचा पोरगा. त्याच शेडात झाडू मारायला दोन बाया यायच्या, तेही ठेक्यावर. एका दुपारी आम्ही तिघं गोण्यांच्या थप्पीवर बसून चहा पीत होतो. त्यातली एक बाई झाडत झाडत आली. मुकादमानं वाट अडवली, घाण बोलला, तिचा हात धरून ओढला. तिनं हिसडा मारला, झाडू तिथंच टाकला आणि गेली.

आम्ही तिघं हसलो. मी हसलो. हे मी आजवर कुठल्याच सभेत बोललो नाही. आज माझ्या गावात बोलतोय.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेकेदाराच्या कचेरीत जाऊन तक्रार सांगितली. तिला लिहिता येत नव्हतं. कारकुनानं एका कागदावर एक ओळ लिहिली : टोळीतल्या माणसांनी छेड काढली. बस. कोण माणसं, कुठल्या दिवशी, कुठल्या जागी, काय केलं, काही नाही. संध्याकाळी गेटवर आम्हा तिघांचे पास काढून घेतले. काढून घेणारा कोण? तोच मुकादम. मी म्हणालो, "काय केलं मी, ते लिहून द्या." कारकून म्हणाला, "तुला माहीत आहे की." आणि त्याच आठवड्यात त्या बाईचाही पास गेला. तिला सांगितलं, तुझ्यामुळं शेडात भांडणं होतात.

हिशेब करा. तिघांची रोजी गेली, बाईची रोजी गेली, आणि ज्याचा हात होता तो हजेरीची वही घेऊन उभाच. घरी फोन केला तर माय म्हणाली, "काय केलंस गा बापू? काम कायले गेलं?" मी म्हणालो, "काही नाही माय." ते अर्धं खरं होतं. अर्धं खोटं होतं. आणि ते अर्धं-अर्धं वेगळं करून दाखवायला मला जागाच नव्हती.

त्या जागेचं नाव चौकशी.

चौकशी झाली असती तर काय झालं असतं? तिला विचारलं असतं, तारीख कुठली, वेळ कुठली, कोणी हात धरला. ती मुकादमाचं नाव घेती. मला विचारलं असतं, तू काय पाहिलं. मला खरं बोलावं लागलं असतं : हात त्याचा, हसणं माझं. हसण्याची जी शिक्षा असेल ती मला, हाताची जी असेल ती त्याला. चौकशी नको होती ती कोणाला? मला? बाईला? नाही. ठेकेदाराला नको होती. म्हणून मी म्हणतो, आरोप झालेल्या कामगाराचा चौकशीचा हक्क आणि बाईचा न्यायाचा हक्क, हे एकमेकांच्या उरावर बसलेले हक्क नाहीत. एकच चौकशी दोघांना लागते. ती बुडवली की वाचतो तो तिसराच.

आता कायदा कुठून आला ते थोडक्यात. लांब जाऊ नका. हीच वैनगंगा खाली वाहत वडसा-देसाईगंजकडं जाते. तेव्हा तो चंद्रपूर जिल्हा होता, आता गडचिरोली. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका आदिवासी मजूर मुलीवर ठाण्याच्या आवारात अत्याचार झाला. आरोपी दोन, एक हेड कॉन्स्टेबल आणि एक कॉन्स्टेबल. दोघंही कामावर. खटला तिच्या नावानं ओळखला जातो. मी नाव घेत नाही. सेशन कोर्टानं आरोपींना सोडलं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं आरडाओरड केली नाही, म्हणून. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर ह्या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. त्या दोघा पोलिसांना आरोपीचे सगळे हक्क मिळाले. वकील मिळाला, अपील मिळालं, संशयाचा फायदा मिळाला. वर्दीवाल्याला हक्क मागावे लागत नाहीत, ते आपोआप चालून येतात. गोदीतल्या हमालाला, विटाभट्टीवरच्या पोराला, झाडूवाल्या बाईला ते नावानं सुद्धा माहीत नसतात.

पुढं १९९२. राजस्थानातलं भटेरी गाव. भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण तिच्यामुळं बायांच्या संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला : प्रत्येक कामाच्या जागी तक्रार समिती हवी. समित्या कागदावरच राहिल्या. मग पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले ह्यांनी कोर्टाचं दार ठोठावलं. त्या प्रकरणात २००४ साली कोर्टानं सांगितलं, की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानायचा. हे ध्यानात ठेवा. म्हणजे समितीपुढं गप्प बसून "पुढं खात्याची चौकशी होईल तेव्हा पाहू" असं म्हणणारा माणूस फसला. जे सांगायचं ते तिथंच सांगायचं. शेवटी २०१३ साली संसदेनं कायदा केला, आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू झाला.

आता पोरांनो, वह्या काढा. बायांनीही ऐका, कारण ह्यातलं निम्मं तुमच्याही कामाचं आहे.

दहा किंवा जास्त माणसं जिथं कामाला आहेत तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. अध्यक्ष वरच्या पदावरची बाई. निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत. एक सदस्य बाहेरचा, बायांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. ठेक्यावरचा, रोजंदारीवरचा, हंगामी, सगळे ह्या कायद्यात कर्मचारीच. "तू आमच्या मस्टरवर नाहीस" हे उत्तर इथं चालत नाही.

बाईनं तक्रार लेखी द्यायची, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण दाखवलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. तिला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम. आमच्या कारकुनासारखी एक ओळ खरडणं म्हणजे लिहून घेणं नव्हे.

तक्रार आली की सात कामाच्या दिवसांत तिची प्रत आरोप झालेल्या माणसाला मिळाली पाहिजे. हा पहिला हक्क. पूर्ण तक्रार, सारांश नाही. तुझ्यावर काय आरोप आहे हे तुला माहीत असल्याशिवाय तू उत्तर कशाचं देणार? मग दहा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. सोबत कागदपत्रं आणि आपल्या साक्षीदारांची नावं-पत्ते. हे दहा दिवस दारूत घालवू नका.

सुनावणीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हजर पाहिजेत. दोन्ही बाजूंचं ऐकायचं. वकील कोणालाच आणता येत नाही, मालकाच्या पोराला नाही, बाईला नाही, तुलाही नाही. समितीतला कोणी ठेकेदाराचा नातलग असेल तर सुरुवातीलाच लेखी हरकत घ्या. निकाल विरुद्ध गेल्यावर "तो पक्षपाती होता" म्हणण्याला किंमत राहत नाही. सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना गैरहजर राहिलात तर एकतर्फी निकाल होऊ शकतो, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. दोघंही कर्मचारी असतील तर निष्कर्षाची प्रत दोघांना द्यायची, आणि त्यावर म्हणणं मांडायची संधी द्यायची. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, त्यावर मालकानं साठ दिवसांत कारवाई. शिक्षा एकच एक नाही. लेखी माफी आहे, ताकीद आहे, पगारवाढ रोखणं आहे, समुपदेशन आहे, आणि कामावरून काढणं आहे. जसं कृत्य तशी शिक्षा. निकाल मान्य नसेल तर नव्वद दिवसांत अपील, बाईलाही आणि माणसालाही. आणि सोळाव्या कलमानं नाव जाहीर करायला बंदी आहे. फक्त बाईचं नाही. आरोप झालेल्याचं आणि साक्षीदारांचंही. नाक्यावर, चहाच्या टपरीवर, मोबाईलच्या गटात नाव फिरवणारा हा कायदा मोडतो.

आता टाळ्यावाल्यांचा मुद्दा. खोटी तक्रार. चौदाव्या कलमात त्याचीही सोय आहे. पण नीट वाचा. दुष्ट हेतूनं, खोटं आहे हे ठाऊक असून तक्रार केली, असं चौकशीत सिद्ध झालं तरच बाईवर कारवाई. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. अहो, बंद गोदामात, थप्पीच्या आड घडलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा तिनं? पाहिलेले तिघं होते. तिघं हसले आणि गप्प बसले. उद्या तिची तक्रार पुराव्याअभावी पडली असती, तर ती खोटी की आम्ही खोटे?

हक्काचा अर्थ किती ताणायचा त्यालाही हद्द आहे. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात मुलींच्या वसतिगृहात रात्री काही विद्यार्थी शिरले. मुलींच्या साक्षी त्या विद्यार्थ्यांच्या माघारी घेतल्या. विद्यार्थी कोर्टात गेले, की आमच्या तोंडावर साक्ष का नाही? १९७३ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, त्या मुलींना त्याच आवारात राहायचं आहे, त्यांना धाक बसेल. काय आरोप आहे हे तुम्हाला कळलं, उत्तर द्यायला मिळालं, ते पुरे. म्हणजे प्रश्न विचारायचा हक्क आहे, बाईला घेरून रडवायचा हक्क नाही. प्रश्न लिहून समितीमार्फत विचारता येतात. तिच्या कपड्यांवर, नवऱ्यावर, जुन्या आयुष्यावर चिखल उडवणं ह्याला बचाव म्हणत नाहीत.

आता दोन निकाल शेजारी शेजारी ठेवतो. त्यात माझं सगळं म्हणणं आहे.

पहिला दिल्लीचा. १९८८ साली निर्यातीच्या एका परिषदेत अध्यक्षाच्या खाजगी सचिवावर कारकून मुलीनं तक्रार केली. त्याला आरोपपत्र दिलं, त्याचं उत्तर घेतलं, खात्याची रीतसर चौकशी झाली, नोकरी गेली. तो हायकोर्टात गेला. हायकोर्ट म्हणालं, त्यानं प्रयत्न केला, प्रत्यक्ष स्पर्श झालाच नाही, म्हणून कामावर घ्या. १९९९ साली सुप्रीम कोर्टानं तो निकाल उलटवला. स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, असं वागणं हीच बाईच्या प्रतिष्ठेवर घाला, आणि रीतसर चौकशीत सिद्ध झालेलं कोर्ट पुन्हा चिवडत बसणार नाही. बडतर्फी कायम.

दुसरा गोव्याचा. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखावर २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीनं एप्रिल ते जून अशा अवघ्या काही आठवड्यांत अठरा बैठका घेतल्या. शेवटच्या बैठका तर धडाधड. माणूस मुदत मागत होता, आजारपणाचं कारण देत होता. समितीनं एकतर्फी अहवाल देऊन टाकला. २०१० साली बडतर्फ. मग राज्यपाल, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. १२ मे २०२३ ला न्यायमूर्ती बोपण्णा आणि हिमा कोहली ह्यांनी बडतर्फी रद्द केली आणि प्रकरण पुन्हा समितीकडं पाठवलं. माणूस निर्दोष आहे असं कोर्ट म्हणालं नाही. दोषी आहे असंही म्हणालं नाही. म्हणालं एवढंच, की घाई केली, बचावाची पुरी संधी दिली नाही, म्हणून मागं जा आणि नीट करा. त्याच निकालात कोर्टानं देशभर समित्या आहेत की नाहीत ते तपासायला सांगितलं.

२००९ ते २०२३. चौदा वर्षं. त्या मुली शिकून, संसाराला लागून गेल्या असतील. त्यांना काय मिळालं? घाईनं काय साधलं? दिल्लीच्या मुलीचा न्याय टिकला, कारण चौकशी टिकली. म्हणून ताई, आरोपीचा हक्क पाळा असं मी म्हणतो तेव्हा तुमच्या पायाखालची जमीन काढून घेत नाही. उद्या वरच्या कोर्टात कोणी तुमचा निकाल उलटवू नये म्हणून म्हणतो.

आपल्या कारध्याच्या पुलाजवळ पूर आला की वैनगंगेची पातळी मोजतात. आकडा पाहूनच खालच्या गावांना सावध करतात. पाणी चढलंच नाही म्हणून कोणी झोपत नाही, आणि न मोजता कोणी गाव उठवत नाही. आरोपाचंही तसंच.

आणि न मोजता गाव उठलं म्हणजे काय होतं, हे भंडारा जिल्ह्यानं आम्हाला शिकवायला नको. मोहाडी तालुक्यातली खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. बाईच्या चारित्र्याबद्दल कुजबुज पेरली गेली. कुठलं आरोपपत्र होतं तिच्यावर? कोणी विचारलं तिला, तुझं म्हणणं काय? गावकीचा निवाडा असा असतो. तिथं कागद नसतो, तारीख नसते, बचाव नसतो. शेकडो वर्षं आपण ह्या निवाड्याखाली राहिलो. ज्या माणसाच्या अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा झाला, त्याला ह्याच भंडाऱ्यानं १९५४ च्या पोटनिवडणुकीत पाडलं. पण घटनेतलं ३११ वं कलम बघा. सरकारी नोकराला आरोप कळवल्याशिवाय, ऐकून घेतल्याशिवाय, काही ठरावीक अपवाद सोडले तर, काढता येत नाही. १९५७ च्या खेमचंद खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ फोडून सांगितला : आरोप कळला पाहिजे, नाकारता आला पाहिजे, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत. ऐकून घेणं ही आपल्यासाठी वकिली बारीकी नाही. ज्याचं कधीच कोणी ऐकलं नाही त्याला तिची किंमत जास्त कळते.

पण म्हणून आपला पोरगा आरोपी झाला की जात पुढं करून बाईला खोटं पाडायचं, हे मी चालू देणार नाही. आरोप लावताना जात पाहिली जाते हे खरं. मुकादम वाचला आणि आम्ही तिघं गेलो, त्यात जात नव्हती असं कोण म्हणेल? पण ती झाडूवाली बाई कोण होती? आपल्याच वस्तीतली. झाडू कोणाच्या हातात असतो ह्या देशात? दलित बाईला सवर्ण माणसानं वाईट हेतूनं हात लावला, घाण बोलला, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम लागतं. आणि आपलाच माणूस बोलला तर? तेव्हा ते कलम लागत नाही. तेव्हा तिला हा २०१३ चा कायदा आणि आपली लाज, एवढंच उरतं.

माझी माय इथंच विड्या वळायची. परवा मी तिला विचारलं, तुझ्या वेळी ठेकेदार, मुनीम कसे वागायचे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तवा बोलली असती तर पत्ता बंद झाला असता. मंग तुमी का खाल्ला असता?" माझ्या मॅट्रिकच्या फीमध्ये तिचं गप्प बसणं आहे. टाळ्या वाजवताना हे आठवा.

आता पोटाचं. निलंबित झालेला कामगार उपाशी राहून चौकशी कशी लढणार? १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात निर्वाह भत्ता होता : पहिले नव्वद दिवस निम्मा पगार, पुढं दिरंगाई कामगाराची नसेल तर पाऊण. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तो ठेवलाय. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण तिथं स्थायी आदेश तीनशे कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होतात. केंद्राच्या कायद्यात आधी शंभर होते. म्हणजे छोट्या ठेकेदाराकडचा माणूस आणखी बाहेर ढकलला. हा भत्ता म्हणजे मेहेरबानी नव्हे. कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याला निलंबनात भत्ता दिला नाही, त्याला चौकशीला येणं परवडलं नाही, एकतर्फी चौकशी करून काढलं. त्याची केस वेगळ्या आरोपाची होती, पण १९९९ साली सुप्रीम कोर्टानं अशी चौकशी उडवून लावली. उपाशी माणसाला बचावाची संधी दिली असं म्हणता येत नाही.

पोलीस केस झाली तर ती वेगळी वाट. तिथं वकील लागतो. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, औद्योगिक कामगाराला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, पूल ओलांडला की भंडारा. अर्ज करा. तक्रार करणाऱ्या बाईनंही करावा, आरोप झालेल्यानंही करावा.

आणि मिटवामिटवी. "दहा हजार घे आणि गप्प बस." दहाव्या कलमात समेट आहे, पण तो फक्त बाईनं मागितला तर, आणि पैशाच्या बोलीवर मुळीच नाही. जो पुढारी, मग तो आपल्या संघटनेचा का असेना, दोघांना मागच्या खोलीत बसवून पैसे ठरवतो, तो दोघांचाही दलाल आहे.

गेल्या वर्षी मी त्या बाईला शोधत गेलो. ती आता दुसरीकडं भांडी घासते. मी म्हणालो, "ताई, मी त्या दिवशी तिथं होतो." ती म्हणाली, "माहीत आहे. तू हसला होतास." मी कागदावर लिहून नेलं होतं, मुकादमानं काय केलं, आम्ही काय केलं, खाली सही. तक्रारीची मुदत कधीच गेली होती. तिनं कागद हातात घेतला, मला वाचून दाखवायला लावला, आणि परत दिला. म्हणाली, "तुझ्यापाशीच ठेव. तेव्हा बोलायचं होतंस." एवढंच. तिनं मला माफ केलं असं मी सांगणार नाही. तसं काही झालं नाही.

म्हणून माझ्या मागण्या मालकाकडं आहेत आणि तुमच्याकडंही आहेत.

प्रत्येक गेटवर, प्रत्येक शेडात, प्रत्येक राइस मिलवर समितीच्या सदस्यांची नावं फलकावर लावून घ्या. समितीच नेमली नाही तर मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. भंडाऱ्याच्या स्थानिक समितीत कोण आहे ते जिल्हाधिकारी कचेरीत जाऊन विचारा, आणि विडीवाल्या, धुणीभांडीवाल्या बायांना सांगा. पास काढून घेतला तर हात पुढं करून म्हणा : लेखी द्या. काय आरोप, कुठली तारीख, कुठली जागा. आरोपपत्र द्या. आपल्या युनियननं आरोप झालेल्यामागं एक माणूस द्यावा आणि बाईमागं दुसरा. एकच माणूस दोन्हीकडं नको. आणि पाहिलं असेल तर साक्ष द्या. मित्र असला तरी, मुकादम असला तरी, आपण स्वतः हसलो असलो तरी.

कोणावर आरोप आला तर "आमचा पोरगा असं करणारच नाही" असं म्हणू नका. "काढा साल्याला" असंही म्हणू नका. म्हणा, चौकशी करा, आमच्यासमोर नव्हे, समितीसमोर, नव्वद दिवसांत, दोघांना जेवायला मिळेल अशी सोय ठेवून.

तो सही केलेला कागद आज माझ्या खिशात आहे. ज्याला वाचायचाय त्यानं सभा संपल्यावर यावं. बाईचं नाव मी त्यातून खोडलंय. माझं ठेवलंय.

जयभीम.